ऑक्सिजन पुन्हा पुन्हा वर येतो: भिंतीला हात लावण्याआधी घड्याळ बघा

लक्षण ओळखीचे आहे. टोकामॅकचा (चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा धरून ठेवणाऱ्या संलयन यंत्राचा) कक्ष बेक केला, म्हणजे तापवून वाळवला, ग्लो डिस्चार्ज (भिंत साफ करणारा मंद विद्युत विसर्ग) चालवला, वर बोरॉनचा थर दिला. पुढचे काही दिवस सगळे सुरळीत चालते. ऑक्सिजनची वर्णरेषा तळाला गेलेली असते, बोलोमीटरवर विकिरण कमी दिसते, घनता वाढवली तरी डिस्रप्शन (प्लाझ्मा अचानक कोसळणे) होत नाही. मग हळूहळू रेषा वर सरकू लागते. सुरुवातीलाच करंट अडखळतो, घनतेची मर्यादा खाली येते आणि एक दिवस पहिले पाच-सहा शॉट (प्लाझ्मा पेटवण्याचे एकेक प्रयोग) लागोपाठ वाया जातात. पुन्हा ग्लो, पुन्हा बोरॉन, पुन्हा काही चांगले दिवस, आणि पुन्हा तेच.

या फेऱ्यात मी बरीच वर्षे काढली आहेत. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. भिंतीवर पुढचा उपचार करण्याआधी अशुद्धी परत कशी येते ते बघायचे. ती तासांबरोबर वाढते की शॉटच्या संख्येबरोबर? याचे उत्तर मिळाल्याशिवाय बोरॉनची बाटली उघडायची नाही. थर दिला की सगळेच काही काळ सुधारते, आणि त्यामुळे खरे कारण झाकले जाते.

एवढ्याशा पाण्याने काय होते?

आधी एक हिशेब, कारण तो डोक्यात बसला की पुढचे सगळे सोपे जाते. पृष्ठभागावर एकाच रेणूच्या जाडीचा थर असेल, तर दर चौरस मीटरला साधारण १० चा १९ वा घात इतके रेणू बसतात. लहान टोकामॅकच्या कक्षाचे आतले क्षेत्रफळ १० चौरस मीटर धरा. म्हणजे भिंतीवर १० चा २० वा घात इतके रेणू झाले. आत प्लाझ्मा असतो जेमतेम १ घनमीटर, आणि त्यात इलेक्ट्रॉन असतात त्याच्या एक पंचमांश, म्हणजे १० च्या १९ व्या घाताच्या दुप्पट.

आता या थरातला फक्त १ टक्का पाण्याच्या रूपाने सुटून प्लाझ्मात गेला असे समजा. दर १०० इलेक्ट्रॉनांमागे ५ ऑक्सिजन अणू झाले. प्रत्येकाचे आठही इलेक्ट्रॉन सुटले, तर त्या १०० पैकी ४० इलेक्ट्रॉन एकट्या ऑक्सिजनचे असतील. इंधनाची जागा त्याने खाल्ली, आणि झेड-इफेक्टिव्ह (प्लाझ्मातल्या आयनांचा परिणामी सरासरी विद्युतभार) १ वरून जवळपास ४ वर गेला. हे सगळे डोळ्यांना, बोटांना, कुठेही न जाणवणाऱ्या थराच्या शंभराव्या हिश्श्यामुळे. खऱ्या भिंती तर गुळगुळीतही नसतात. खडबडीत पृष्ठभागावर आणि ग्रॅफाइटच्या छिद्रांत याच्या कितीतरी पट साठा असतो.

ऑक्सिजन आणि कार्बन जास्त छळतात ते सुरुवातीच्या क्षणांत. तापमान काही दशक इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (प्लाझ्माचे तापमान मोजण्याचे एकक) टप्प्यात असताना ही मूलद्रव्ये सर्वांत जोरात विकिरण करतात. करंटने दिलेली ऊर्जा तिथेच प्रकाशात निघून गेली, तर प्लाझ्मा तो उंबरठा ओलांडतच नाही. जड धातूंचे गणित वेगळे आहे. टंगस्टनचे सगळे इलेक्ट्रॉन प्लाझ्माच्या गाभ्यातही सुटत नाहीत, त्यामुळे तो तिथेही विकिरण करत राहतो. संलयनाच्या उष्णतेवर स्वतः तापत राहणाऱ्या प्लाझ्मात त्याचे प्रमाण लाखात काही अणू एवढ्यावरच थांबवावे लागते. आणि टंगस्टनला उडवायला हलके अशुद्ध आयनच पुढे असतात. म्हणजे ऑक्सिजन आवरला की धातूही बराचसा आवरतो.

मोजमाप खरे आहे का?

हे आधी तपासा, कारण इथे मी स्वतः फसलो आहे. ग्लो आणि बोरॉन दोन्ही वेळी निरीक्षणाच्या काचेवर पातळ पापुद्रा चढतो. मग सगळ्याच रेषा मंद दिसतात आणि आपण म्हणतो, ऑक्सिजन उतरला. म्हणून ऑक्सिजनची रेषा एकटी कधी बघू नका. हायड्रोजनच्या रेषेशी गुणोत्तर काढा. तेही जवळच्या रेषेशी. ऑक्सिजनची ४४१.५ नॅनोमीटरची रेषा वापरत असाल, तर ६५६ च्या अल्फा रेषेऐवजी ४३४ नॅनोमीटरची गॅमा रेषा घ्या. पापुद्रा निळा प्रकाश जास्त गिळतो, लाल कमी. दूरच्या रेषांचे गुणोत्तर त्यामुळे खोटे बोलते. काचेपुढे झडप असेल, तर उपचार सुरू होण्याआधी ती बंद केल्याची नोंद वहीत असू द्या. झडप नसेल, तर उपचाराच्या आधी आणि नंतर दिव्याने काचेची पारदर्शकता मोजा.

घड्याळ की शॉट?

आता मुख्य चाचणी. तिला वेगळे साहित्य लागत नाही, फक्त संयम लागतो. उपचारानंतर यंत्र स्थिरावले की एक ठरावीक संदर्भ शॉट निवडा: तोच करंट, तीच घनता, तेच चुंबकीय क्षेत्र. तो घेऊन ठेवा. मग दोन दिवस यंत्र निर्वातात नुसते सोडा. शॉट नाही, ग्लो नाही. तिसऱ्या दिवशी पहिला शॉट तोच संदर्भ शॉट घ्या. ऑक्सिजन चढलेला दिसला तर कारण घड्याळाबरोबर चालते आहे: गळती, पाणी किंवा कुठेतरी साठलेला वायू. तो होता तिथेच असेल आणि पुढे शॉट घेतल्यावरच चढत गेला, तर थर झिजतो आहे किंवा झाकलेल्या कोपऱ्यातून माल बाहेर येतो आहे.

दोन दिवस यंत्र रिकामे ठेवायला कोणी राजी नसते, हे मला माहीत आहे. त्या दोन दिवसांच्या बदल्यात दोन महिने वाचतात, म्हणून मी त्यासाठी भांडतो.

घड्याळाबरोबर वाढत असेल तर

गेट व्हॉल्व्ह बंद करून पंप कक्षापासून वेगळा करा आणि दाब कसा वाढतो ते वेळेसमोर मांडा. सरळ रेषेत वाढत राहिला तर खरी गळती. आधी भराभर वाढून नंतर वाकून सपाट होऊ लागला तर भिंतीतून वायू सुटतो आहे. मात्र ताज्या बोरॉनच्या किंवा लिथियमच्या भिंतीवर ही चाचणी फसवू शकते, कारण भिंतच ऑक्सिजन आणि पाणी शोषून घेते. बाहेरची हवा आत येत असते, पण गेजला त्याचा पूर्ण पत्ता लागत नाही. अशा वेळी उरलेल्या वायूंचे विश्लेषण करणाऱ्या आरजीएवर वस्तुमान ४० बघा. हवेत आर्गॉन सुमारे ०.९३ टक्के असतो आणि तो कशालाही चिकटत नाही. पंप वेगळा केल्यावर ४० चे शिखर सरळ रेषेत चढत असेल, तर बाहेरची हवा आत येते आहे. मग ३२ (ऑक्सिजन) कितीही खाली असू दे. आधी कधी आर्गॉन वापरला असेल, तर मात्र ही खूण तितकी भरवशाची राहत नाही.

२८ वर घाई करू नका. तिथे नायट्रोजनही येतो आणि कार्बन मोनॉक्साइडही. सोबत १४ ठळक असेल तर नायट्रोजन, १२ ठळक असेल तर कार्बन मोनॉक्साइड. ४१, ४३, ५५, ५७ अशी माळ दिसली तर पंपाचे तेल किंवा एखाद्या भागावरचे ग्रीस. पाणी १८ वर, त्याचा तुकडा १७ वर. पण ड्युटेरियम वापरणाऱ्या यंत्रात पाण्यातल्या हायड्रोजनची जागा ड्युटेरियम घेतो आणि पाणी १९ आणि २० वर सरकते. नुसते १८ उतरलेले पाहून मी एकदा बेकिंग लवकर थांबवले होते. २० वर बघितलेच नव्हते. २० वर निऑन आणि दोन इलेक्ट्रॉन गेलेला आर्गॉनही येतात, त्यामुळे तीन शिखरे एकत्र मांडून निर्णय घ्या.

आणि आरजीएचा फिलामेंट नुकताच चालू केला असेल, तर पहिल्या काही तासांचे पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड त्याचेच असू शकतात.

पाण्याचे शिखर मोठे आणि बेक करूनही हटत नसेल, तर थंड करणाऱ्या नळ्यांकडे वळा. त्यांची गळती फार त्रासदायक असते. निर्वातात बाहेर पडलेले पाणी गोठते आणि बारीक फट स्वतःच बुजवते. काही वेळा फट फक्त नळी तापल्यावर उघडते. म्हणून एकेक शाखा रिकामी करून, वाळवून, तिच्यात हीलियम दाबाने भरा आणि गळतीशोधक कक्षाला जोडून बघा. थंड असताना काही सापडले नाही, तर तीच शाखा गरम असताना पुन्हा.

सकाळचा पहिला शॉट

आमच्याकडे एक तक्रार वर्षभर चालू होती. रोज सकाळचे पहिले तीन-चार शॉट खराब, मग दिवसभर ठीक. सगळ्यांचे उत्तर ठरलेले: रात्रभर भिंतीवर पाणी बसते, सकाळी ग्लो वाढवा. ग्लो अर्ध्या तासाचा एक तास झाला, मग दीड तास झाला. थोडा फरक पडायचा आणि पुन्हा जैसे थे.

एका सकाळी, प्लाझ्मा न करता, चुंबक बंद ठेवून, मी नुसता इंधनवायूचा पफ (छोटा झोत) मारला आणि आरजीए बघत बसलो. हायड्रोजनबरोबर २८ उसळले, मागोमाग १४, ३२ आणि ४०. दहा पफनंतर चारही खाली. हवा भिंतीतून येत नव्हती, इंधनाच्या नळीतून येत होती. रात्री बाटली बंद केली की व्हॉल्व्हपर्यंतच्या नळीत दाब वातावरणापेक्षा खाली राहायचा, आणि एका जोडावरची फेरूल (नळी घट्ट धरणारी कडी) पुरती आवळलेली नव्हती. रात्रभर हवा आत मुरायची आणि सकाळी आम्ही ती इंधन म्हणून प्लाझ्माला द्यायचो. तीन-चार शॉटमध्ये नळी साफ झाली की सगळे सुधारायचे, आणि श्रेय मात्र ग्लोला मिळायचे.

जोड बदलला. नळी रात्री वातावरणापेक्षा जास्त दाबाखाली ठेवू लागलो आणि सकाळी पंपाने दोनदा रिकामी करून भरू लागलो. तेव्हापासून सकाळचा पहिला पफ प्लाझ्माशिवाय हा आमचा नियम आहे. बाटली बदलल्यावर तर तो हवाच.

शॉटबरोबर वाढत असेल तर

बोरॉनचा थर साधारण ५० ते १०० नॅनोमीटर जाडीचा असतो. तो दोन कामे करतो: खालचा धातू किंवा कार्बन झाकतो, आणि येणारा ऑक्सिजन रासायनिकरीत्या धरून ठेवतो. लिमिटरच्या कडेवर किंवा डायव्हर्टरच्या पट्ट्यावर, जिथे प्लाझ्मा थेट आपटतो, तिथून तो सर्वांत आधी उडतो. इतरत्र तो टिकून असतो, पण हळूहळू ऑक्सिजनने भरत जातो. म्हणजे एकाच भिंतीवर थर दोन प्रकारे संपतो, आणि दोन्हींची खूण वेगळी. धातूच्या रेषा आधी वर आल्या आणि ऑक्सिजन शांत असेल, तर आपटण्याच्या जागेवरचा थर गेला आहे. ऑक्सिजन आधी वर आला, तर थर आहे पण भरला आहे, किंवा तो काही भागांवर मुळात बसलाच नव्हता.

ही तिसरी शक्यता लोक विसरतात. वायू आत येतो त्या तोंडाजवळ आणि अॅनोडच्या आसपास थर जाड बसतो. पोर्टच्या खोल नळ्या, टाइलच्या मागची बाजू, बॅफलखालची पोकळी तशीच राहते. एकाच तोंडातून बोरॉनचा वायू सोडत असाल, तर कक्षाच्या विरुद्ध बाजूला जवळपास काहीच पोहोचलेले नसण्याची शक्यता मोठी आहे. पुढच्या वेळी कक्ष उघडाल तेव्हा चार-सहा ठिकाणी सिलिकॉनचे छोटे तुकडे लावून ठेवा आणि नंतर त्यांच्यावरची जाडी मोजा. आम्ही तसे केले तेव्हा थराचा नकाशा पाहून तोंडांची संख्या वाढवली. आठवड्याला दोनदा बोरॉन देण्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त झाला.

झीज फारच वेगाने होत असेल, तर प्लाझ्मा चालू असतानाच बोरॉनची भुकटी वरून थोडी थोडी सोडण्याचा मार्ग आहे. एएसडीईएक्स अपग्रेड, ईस्ट, एलएचडी, वेस्ट अशा यंत्रांवर तो वापरून पाहिला गेला आहे. भुकटीची प्लाझ्मात वाफ होते आणि थर जिथे झिजतो तिथेच भरून निघतो. लिथियमही हेच काम करतो, आणि इंधनाचे रीसायकलिंग (भिंतीवरून इंधन परत प्लाझ्मात येणे) कमी करण्यात तो बोरॉनहूनही जोरकस आहे. पण हवा लागली की त्याची साफसफाई हे वेगळे दुखणे.

थर दिल्यावर लगेचच घनता हाताबाहेर जात असेल, तर तो वेगळा आजार. बोरॉन ज्या वायूतून येतो त्यातच हायड्रोजन असतो, आणि नव्या थरात तो ठासून भरलेला असतो. त्यानंतर हीलियमचा ग्लो देऊन तो बाहेर काढावा लागतो. किती वेळ? हायड्रोजनचे शिखर सपाट होईपर्यंत, त्यापुढे नाही. हीलियमचे आयन थरही झिजवतात, आणि भिंतीत रुतलेला हीलियम पुढच्या शॉटमध्ये इंधन पातळ करतो.

ग्लोमधल्या नेहमीच्या चुका

पहिली: थंड भिंतीवर हायड्रोजनचा ग्लो. हायड्रोजन ऑक्साइडमधला ऑक्सिजन सोडवून त्याचे पाणी करतो, कार्बनचा मिथेन करतो. मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड पंपापर्यंत पोहोचतात. पाणी मात्र थंड भिंतीला पुन्हा चिकटते. एका जागेवरून सोडवलेला ऑक्सिजन दुसऱ्या जागी नेऊन ठेवला, एवढेच काम होते. भिंत निदान १५० अंश सेल्सिअसच्या आसपास गरम ठेवा आणि मगच हायड्रोजन किंवा ड्युटेरियमचा ग्लो चालवा.

दुसरी: घड्याळ लावून ग्लो बंद करणे. दर चौरस मीटरला ०.१ अँपिअर हा नेहमीचा प्रवाह धरला, तर एका थरातल्या रेणूंइतके आयन सुमारे १६ सेकंदांत आदळतात. हे ऐकून वाटते की दहा मिनिटे पुरतील. पण प्रत्येक आयन रेणू उडवतोच असे नाही, उडालेल्यातले बरेच परत फुटून भिंतीवर बसतात, आणि खालच्या थरांतून नवे वर येत राहतात. त्यामुळे खरे काम तासांत मोजावे लागते. १८, २० आणि २८ चे आलेख सपाट झाले की थांबा.

तिसरी: व्होल्टेज वाढवून घाई करणे. काही शेकडो व्होल्टवर ग्लो चांगला चालतो. त्यापुढे गेलात की अॅनोडवर आणि कडांवर ठिणग्या पडतात, धातू उडतो आणि तो काचांवर बसतो.

अतिवाहक चुंबकांच्या यंत्रात तर ग्लो रोज वापरताच येत नाही. टोरॉइडल क्षेत्र चालू असताना त्याचा समतोल टिकत नाही, आणि ते क्षेत्र रोज उतरवणे परवडत नाही. तिथे रेडिओ लहरींनी, आयन किंवा इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉन वारंवारतेवर, सौम्य प्लाझ्मा करून भिंत साफ करतात. छोटा पल्स आणि त्यानंतर लांब विश्रांती असे ठेवा. सुटलेला माल पंपाने ओढून नेईपर्यंत वेळ मिळाला नाही तर तो पुढच्या पल्समध्ये पुन्हा भिंतीत जातो.

कक्ष उघडला होता का?

उघडला असेल तर क्रम चुकवू नका. कोरड्या नायट्रोजनने कक्ष भरा, काम चालू असताना आत कोरडी हवा थोड्या जादा दाबाने वाहती ठेवा, हातमोजे घाला. बंद केल्यावर आधी गळतीची तपासणी, मग बेकिंग, मग गरम भिंतीवर हायड्रोजनचा ग्लो, मग हीलियमचा, आणि सगळ्यांत शेवटी बोरॉन. घाईत बेकिंग कापून आधी बोरॉन दिला, तर खालचे पाणी थराखाली कोंडले जाते आणि पुढे प्रत्येक गरम शॉटबरोबर थोडे थोडे वर येते. जेटसारख्या मोठ्या यंत्रात कक्ष कायमच सुमारे २०० अंशांवर ठेवला जात असे, त्यामागे हेच कारण.

बोरॉनची ताकद कमी लेखू नका. जर्मनीतल्या वेंडेलश्टाइन ७-एक्स या यंत्रावर २०१८ मध्ये पहिला बोरॉन थर दिल्यावर ऑक्सिजन आणि कार्बन इतके उतरले की आधी न गाठता आलेल्या घनतेवर यंत्र चालवता आले. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या इटर या टोकामॅकनेही २०२४ मध्ये मांडलेल्या आराखड्यात पहिली भिंत बेरिलियमऐवजी टंगस्टनची केली आणि सोबत बोरॉन देण्याची व्यवस्था जोडली.

पण थरासाठी डायबोरेन (बोरॉन आणि हायड्रोजनचा वायू) वापरत असाल तर हे मनापासून सांगतो: तो अतिविषारी आहे आणि हवेत आपोआप पेट घेऊ शकतो. हीलियममध्ये पातळ केलेलाच घ्या, नळ्यांची गळती आधी हीलियमने तपासा, खोलीत शोधक चालू असू द्या, पंपातून बाहेर जाणारा वायू विघटन करूनच सोडा, आणि वायू वाहत असताना हॉलमध्ये कोणीही नको. घन कार्बोरेन (बोरॉन, कार्बन आणि हायड्रोजनचे संयुग) हाताळायला सोपे. पण त्याच्या नळ्या पूर्ण लांबीभर गरम ठेवाव्या लागतात, नाहीतर ते मधेच गोठून बसते, आणि ते सोबत थोडा कार्बनही आणते.

वहीत प्रत्येक संदर्भ शॉटसमोर दोन आकडे लिहा: शेवटच्या थरापासून गेलेले तास आणि झालेले शॉट. डिस्रप्शन झाले असेल तर तिसरा रकाना, कारण मोठ्या डिस्रप्शनने तापलेली भिंत एका फटक्यात इतका वायू सोडते की पुढचे एक-दोन शॉट या दोन्ही हिशेबांत बसत नाहीत. ते शॉट बाजूला काढा, थोडा हीलियमचा ग्लो द्या, आणि मगच आलेखाकडे बघा. दोन्ही आलेख चढते दिसले, तर आधी तासांच्या आलेखामागे लागा; गळती चालू असताना दिलेला बोरॉन त्या गळतीच्याच पोटात जातो.